स्वस्त म्युझिक प्लेअर घ्यायचाय? आपलं मेमरी कार्ड खिशात घालून निघा

बाबा सकाळी इंदूरच्या नेहरू पार्कात फिरायला जातात. कानात गाणं हवं, पण फोन नको. आलाप रंगात आला की नेमका कर्ज देणाऱ्या कुठल्यातरी बाईचा फोन येतो, असं त्यांचं म्हणणं. "गाण्याला गाण्याचंच यंत्र दे," म्हणाले. तेव्हापासून मी तीन प्लेअर घेतले. एक बाबांना, एक आत्याला, आणि एक महिनाभरात कचऱ्यात गेला. तिसऱ्यानेच जास्त शिकवलं.

१. आधी घरातला खण उघडा

बाजारात जाण्याआधी जुना फोन शोधा. इअरफोनचं गोल भोक शाबूत आहे, कार्ड बसतं, पाठ फुगलेली नाही? मग सिम काढा, एरोप्लेन मोड लावा, कार्डावरची गाणी वाजवणारं एखादं साधं अ‍ॅप ठेवून बाकी सगळं उडवा. झाला प्लेअर, खर्च शून्य.

माझ्या बाबतीत हे जमलं नाही, कारण बाबांना बटणं हवी होती. जानेवारीच्या थंडीत हातमोजे घातलेल्या बोटांनी, न बघता, खिशातल्या खिशात गाणं थांबवता आलं पाहिजे. काचेच्या पडद्यावर ते होत नाही. तुमचीही अशी गरज असेल तरच पुढे वाचा.

२. गाणी कुठून येणार ते ठरवा

इथे बरेच जण फसतात. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये पैसे भरून "डाउनलोड" केलेली गाणी त्या अ‍ॅपच्याच कुलपात असतात. साध्या प्लेअरवर ती नेता येत नाहीत. प्लेअरसाठी सुटी फाइल लागते: स्वतःच्या सीडीवरून उतरवलेली, विकत घेऊन डाउनलोड केलेली, किंवा घरच्या कॅसेटवरून लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेली. कॅसेटसाठी टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घेणारं भोक) वायर जोडायची आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर चालू करायचं. नव्या लॅपटॉपला लाइन-इन नसतं, तेव्हा युएसबीचं छोटं ऑडिओ कार्ड मधे घालावं लागतं. एका बाजूला अर्धा ते पाऊण तास लागतो, कारण कॅसेट आपल्या चालीनेच वाजणार. आमच्याकडे अमीर खाँसाहेबांच्या आणि देवासच्या कुमारजींच्या कॅसेटी होत्या, दोन उन्हाळे त्यात गेले.

हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसची (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला आणि फाइल मोठी) एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी खाते, ३२० ची सुमारे अडीच. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात ३२० चं गाणंसुद्धा दोनशे तासांहून जास्त मावतं. एवढं ऐकायला माणूस निवृत्तच हवा. २५६ जीबीच्या लोभात पडू नका.

३. कोणता प्रकार घ्यायचा

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला, बटणांचा छोटा क्लिपवाला. सँडिस्कच्या क्लिप मालिकेसारखे, किंवा नाव-गाव नसलेले. फिरायला, व्यायामाला, म्हाताऱ्या माणसांना हाच.

दुसरा, जुना आयपॉड. २००१ साली पहिला आला, क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये, आणि उरलेला टच मे २०२२ मध्ये. म्हणजे आज कोणी "नवा आयपॉड" म्हणत असेल तर तो एकतर जुन्या साठ्यातला किंवा नव्या कपड्यातला जुना. क्लासिकचं चाक बोटाखाली फिरवायची मजा वेगळीच, मान्य. पण गाणी भरायला कॉम्प्युटरवर आयट्यून्स (मॅकवर फाइंडर) लागतं आणि फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवलेली) फाइल तो वाजवत नाही. ज्याला हे उपद्व्याप आवडतात त्यानेच घ्यावा. भेट म्हणून वडीलधाऱ्यांना तर अजिबात देऊ नये, दर रविवारी फोन तुम्हालाच येईल.

तिसरा, अँड्रॉइडवर चालणारे सोनीचे वॉकमन वगैरे. आवाज सुरेख, पण स्वस्तात मिळतो तो जुना, आणि जुन्या अँड्रॉइडवर गाण्यांची अ‍ॅप एकेक करून चालेनाशी होतात. आयपॉड टचची तीच गत, सातव्या पिढीचा टच आयओएस १५ वरच थांबला आहे. फाइली वाजवायच्या असतील तर घ्या, अ‍ॅपसाठी नको.

४. काउंटरवरची तपासणी

आता मुद्द्याचं. जेल रोडला, डॉलर मार्केट किंवा नॉव्हेल्टी मार्केटच्या बाजूला जायचं तर गाडी लांब लावा आणि पिशवीत चार वस्तू ठेवा: आपलं कार्ड, आपला इअरफोन, पॉवर बँक आणि दोन-तीन तऱ्हेच्या केबली. प्लेअर काचेत मांडलेले क्वचितच दिसतात. दुरुस्तीवाल्यांना विचारावं लागतं, मग टेबलाखालून डबा निघतो.

दुकानदार त्याचं गाणं लावून दाखवतो. ढिनच्याक. "भिया, बज रहा है न, और क्या चाहिए?" बजना पुरेसं नाही. आपलं कार्ड घाला. त्यावर घरून एवढं भरून न्या: एक साधी एमपी३, एक फ्लॅक, एक आयफोनवाल्यांची एम४ए, देवनागरीत नाव असलेली एक फाइल, चाळीस-पन्नास मिनिटांचं एखादं कीर्तन किंवा ख्याल, आणि एकच सलग रेकॉर्डिंग मधून कापून केलेल्या दोन फाइली.

देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसले तर समजा, सगळ्या फाइलींची नावं रोमन लिपीत करावी लागतील. स्वस्तातल्या बहुतेकांत चौकोनच दिसतात. त्यावरून प्लेअर नाकारू नका, फक्त भाव करताना आठवण ठेवा.

कीर्तन मधेच थांबवा, प्लेअर बंद करा, पुन्हा चालू करा. जिथे थांबलात तिथूनच सुरू झालं का? न झाल्यास बाबांसारख्या माणसाला तो निरुपयोगी. रोज वीस मिनिटं फिरणारा माणूस रोज तीच पहिली वीस मिनिटं ऐकत बसेल. आत्याला दिलेल्या प्लेअरात नेमकं हे मी तपासलं नव्हतं. तिने आठवडाभर एकाच प्रवचनाची सुरुवात ऐकली आणि मला वाटलं, तिला ते फार आवडलंय.

कापलेल्या दोन फाइली लागोपाठ वाजवा. मधे खड्डा पडतो का बघा. चित्रपटगीतांना फरक पडत नाही, पण विलंबितातून द्रुतात जाताना अर्ध्या सेकंदाची शांतता आली की तंबोरा तुटल्यासारखा वाटतो.

मग इअरफोनची पिन बोटाने हलकेच फिरवा. खरखर आली किंवा एका कानातला आवाज गेला तर भोक झिजलंय. गायकाचा आवाजच नाहीसा होऊन मागे नुसती पोकळ साथ उरली, तर पिनमधला ग्राउंडचा (दोन्ही कानांच्या सामाईक तारेचा) जोड नीट लागत नाहीये. कधी हे फक्त माइकवाल्या इअरफोनमुळे होतं. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर तो माइकवाला. दोन रेघांचा साधा इअरफोन लावून पुन्हा ऐका आणि मगच प्लेअरला नावं ठेवा.

सगळ्यात शेवटी बॅटरी. "चार्ज नहीं है, घर जाके कर लेना" हे ऐकायचं नाही, त्यासाठीच पॉवर बँक आणली आहे. थोडं चार्ज करून गाणं लावा, प्लेअर दुकानदारासमोरच ठेवा आणि पोहे-जिलबी खाऊन या. अर्ध्या तासात पट्टी घसरली तर बॅटरी बदलण्याचा खर्च किंमतीत धरा. पडदा एका कोपऱ्यातून उचललेला किंवा पाठ डुगडुगणारी दिसली तर मात्र भावही करू नका, फुगलेली लिथियम बॅटरी घरात आणायची वस्तू नव्हे. पहिल्या पिढीचा आयपॉड नॅनो कितीही सुबक दिसला तरी सोडून द्या. बॅटरी तापते म्हणून खुद्द अ‍ॅपलने २०११ मध्ये ते बदलून द्यायला काढले होते.

५. आयपॉड क्लासिक घेणाऱ्यांसाठी

सेटिंग्जमधल्या "अबाउट"मध्ये दिसणारा सिरियल नंबर आणि पाठीवर कोरलेला नंबर जुळतो का बघा. नसेल जुळत तर पाठ बदलली आहे. चालतं, पण मग "ओरिजिनल"चे पैसे द्यायचे नाहीत. क्लासिक कंपनीकडून जास्तीत जास्त १६० जीबीचाच आला. कोणी २५६ सांगत असेल तर आत हार्ड डिस्कऐवजी कार्ड बसवलं आहे. तेही वाईट नाही, उलट हलकं होतं, पण कार्ड कुठलं ते विचारा.

मूळ हार्ड डिस्क असेल तर मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा, सफरचंद दिसताच सोडा आणि लगेच मधलं आणि मागे जाण्याचं बटण धरा. तपासणीचा पडदा उघडतो. त्यात मॅन्युअल टेस्ट, आयओ, हार्ड ड्राइव्ह असं जात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, बघा. "रीअ‍ॅलॉक्स" आणि "पेंडिंग सेक्टर्स" (डिस्कवरच्या बिघडलेल्या आणि बिघडू लागलेल्या जागांचे आकडे) शून्याच्या आसपास हवेत. शेकड्यांत असतील तर डिस्क मरायला टेकली आहे. दुकानदार तोंडाकडे बघत राहील, बघू द्या.

टच घेत असाल तर आधीच्या मालकाचं खातं त्याने तुमच्यासमोर काढायला हवं. नाहीतर घरी आल्यावर कुलूप.

६. पैसे आणि कागद

"रिफर्बिश्ड" या शब्दाला आपल्या बाजारात धरबंध नाही. पुसून डब्यात घातलेलंही रिफर्बिश्डच. म्हणून एकच प्रश्न विचारा: काय बदललं? बॅटरी बदलली असेल तर बिलावर तसं लिहून घ्या, वॉरंटीचे दिवसही. पक्कं बिल नको असेल तर थोडं स्वस्त पडेल असं सांगतात. तो मोह मी एकदा केला आणि कचऱ्यात गेलेला तो हाच. डब्यावर ६४ जीबी, आत जेमतेम ८. पहिली काही गाणी नीट, पुढची फाइल दिसायची पण वाजायची नाही. बिल नाही म्हणून भांडताही आलं नाही.

ऑनलाइन घेतलंत तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. अनोळखी विक्रेत्याला आगाऊ रक्कम पाठवू नका, मग तो कितीही "बदली झालीये, घाईत विकतोय" म्हणो. बिल असूनही कोणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही.

७. घरी आल्यावर

नवं कार्ड घेतलं असेल तर गाणी भरण्याआधी ते पूर्ण भरून, परत वाचून तपासा. त्यासाठी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३ ही सॉफ्टवेअर आहेत. तास-दोन तास लागतात, लागू द्या. छोट्या प्लेअरना फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं कार्डच कळतं. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड तसंच येतं, त्याहून मोठं आलं की झटापट सुरू.

आता एक बारकी गोष्ट, जी कुठल्याच डब्यावर लिहिलेली नसते. स्वस्त प्लेअर पुष्कळदा नावाच्या नव्हे, तर फाइली ज्या क्रमाने कार्डावर उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. मी सगळं एकदम ओढून टाकलं होतं. बाबा फिरून आले आणि म्हणाले, "पंगत उठल्यावर पानं मांडतायत." आधी द्रुत, मग विलंबित. तेव्हा फाइलींना ०१, ०२ असे आकडे द्या (नुसता १ लिहिलात तर १० हा २ च्या आधी येतो) आणि एका फोल्डरमधल्या फाइली त्याच क्रमाने, एकेक करून कार्डावर टाका.

आत्याच्या प्लेअरवर आवाज वाढवायच्या बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. कमी करायच्या बटणाला दिलेला नाही, ते ती वापरत नाही.