"काय कमी आहे तुला?" असं विचारायच्या आधी

सांगलीच्या तासगाव, कवठेमहांकाळ साईडला द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी झाली की घराघरात एकच टेन्शन, पाऊस. दावण्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आला की फवारणी, परत पाऊस, परत फवारणी, त्यात सोसायटीचं कर्ज आणि मागच्या साली व्यापाऱ्यानं बुडवलेले पैसे. अशात घरातला एखादा माणूस हळूहळू गप्प होतो, बागेत जायचं टाळतो आणि आपण म्हणतो काय कमी आहे तुला, मन घट्ट कर की जरा. पण हे डिप्रेशन असू शकतं, आणि त्यात मन घट्ट करायला जो मेंदू लागतो तोच दमलेला असतो ना, म्हणून आधी आत काय चाललंय ते समजून घ्या.

टेन्शन आलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, ती किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना देते आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात येतं. थोड्या वेळासाठी हे कामाचंच आहे, अंगात ताकद येते, माणूस सावध राहतो. आणि कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वर जाऊन मेंदूला सांगतं आता बास, म्हणजे टाकी भरली की मोटर बंद करणाऱ्या फ्लोटसारखं. महिनोनमहिने टेन्शन राहिलं की हा फ्लोटच बिघडतो. सगळ्यांचंच कॉर्टिसॉल वाढलेलं सापडतं असं नाही, पण डिप्रेशनच्या बऱ्याच पेशंटमध्ये सापडतं.

याचा मार बसतो हिप्पोकॅम्पसला, आठवणी सांभाळणारा भाग, डिप्रेशनमध्ये तो सरासरी थोडा लहान दिसतो. भीती ओळखणारा अमिग्डाला जास्त पेटतो आणि कपाळामागचा निर्णय घेणारा भाग ढिला पडतो. म्हणून तर फवारायला औषध कुठलं आणू एवढं विचारलं तरी माणूस नुसता बघत बसतो, किंवा पहाटे तीनला उठून अंगणात आभाळ बघत उभा राहतो, परत झोप नाही. याला आळस म्हणू नका.

बरं, सगळं सिरोटोनिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन) कमी झाल्यामुळं होतं ही गोष्ट फारच सोपी करून सांगितलेली आहे. डिप्रेशनच्या गोळीनं सिरोटोनिनवर परिणाम काही तासांत सुरू होतो, पण मूड सुधारायला 2 ते 4 आठवडे लागतात, कधी 6 पण, म्हणजे मधल्या काळात मेंदूत बरंच काही बदलत असणार. आणि अनुवंशिकता पण असते, जुळ्यांच्या अभ्यासात तिचा वाटा साधारण 35 ते 40 टक्के निघतो, संकट दोघांवर सारखं येऊन आजारी एकच पडतो त्याचं हे एक कारण.

आता करायचं काय. दोन आठवडे रोज, दिवसातला बहुतेक वेळ उदास किंवा कशातच रस नाही, सोबत झोप, भूक बिघडली, अंगात त्राणच नाही, असं दिसलं की थांबू नका. पुरुषांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड आणि दारूच आधी दिसते बऱ्याचदा. फॅमिली डॉक्टरकडून थायरॉईड, बी 12, हिमोग्लोबिन बघून घ्या, त्यातल्या गडबडीमुळंही असंच होतं. मग मानसोपचार तज्ज्ञ, मिरज-सांगलीत डॉक्टरांना तोटा नाही. लोक बघतील म्हणून जायला लाजत असतील तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावा, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलता येतं. देवऋषी, उतारा करायचाच असेल घरच्यांना तर करू दे बाबा, पण त्यासाठी डॉक्टरची तारीख चुकवायची नाही.

मरायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात येतं हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना. आणि गोठ्यात, माळ्यावर पडलेल्या कीटकनाशकाच्या बाटल्या आजच्या आज कुलपात नाहीतर शेजारच्या घरी, किल्ली त्या माणसाला माहीत नसावी. हे मी सगळ्यात महत्त्वाचं धरतो, कारण तो विचार बऱ्याचदा लाटेसारखा येऊन ओसरतो आणि तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसली पाहिजे.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही दिवस मळमळ, पोट बिघडणं होतं, घाबरून बंद करू नका, डॉक्टरला फोन करा. बरं वाटलं तरी साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, बंद करताना डोस हळूहळू कमी करतात. तोवर संध्याकाळी बांधावरनं एक चक्कर मारायला सोबत न्या, नुसतं जा म्हणू नका, आणि गोळ्यांचं पाकीट घरातल्या एकानं स्वतःकडं ठेवावं.