जुनी टर्बो गाडी घेताना बॉनेटखालचे भाग कसे ओळखावेत

वापरलेली टर्बो गाडी, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा टर्बो असलेली गाडी, पाहायला जाताना इंजिन पूर्ण थंड असू द्यावे, असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे. टर्बोच्या गरम कवचाला हात लागला तर मोठा चटका बसतो, शिवाय थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना निघणारा धूरच खरे काय ते सांगतो. बॉनेटखालचा सगळा भाग नुकताच धुऊन चकचकीत केलेला असेल, तर तेलगळतीच्या खुणाही त्याबरोबर धुऊन गेल्या असण्याची शक्यता धरून चालावे.

भाग ओळखण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे हवेच्या वाटेने जाणे. सुरुवात एअर फिल्टरच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यापासून करावी. डबा उघडून केवळ फिल्टर पाहून थांबू नये, त्याचा तळही पाहावा. ठाण्यात आणि नवी मुंबईत पावसाळ्यात सखल रस्त्यांवर पाणी तुंबते आणि गाडी त्यात अडकली असेल तर वाळलेल्या गाळाचा बारीक थर या तळाशी राहून जातो.

डब्यातून निघालेला जाड पाइप टर्बोपर्यंत नेतो. गोगलगायीच्या शंखासारखी दोन कवचे पाठीला पाठ लावून बसवलेली दिसली की तोच टर्बो समजावा. एक कवच बिडाचे, एक्झॉस्टला जोडलेले आणि बहुधा पत्र्याच्या आवरणाखाली असते. त्यावरचा तांबूस गंज नेहमीचाच असून त्याने घाबरण्याचे कारण नाही. दुसरे अॅल्युमिनियमचे, रुपेरी, ताजी हवा दाबणारे. खरी पाहण्याची जागा या दोहोंच्या मधोमध आहे. तिथे वरून एक बारीक नळी तेल आणते आणि खालून एक जाड नळी ते परत नेते. दोन्ही कवचांतल्या चाकांना जोडणारा, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा दांडा याच तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून तेल वेळेवर न बदललेल्या गाडीचा टर्बो लवकर जातो. या नळ्यांच्या जोडांवर ओलसर, काळा, धूळ चिकटलेला डाग असेल, तर किमतीची बोलणी तिथेच थांबवून गळती कुठून होते ते आधी शोधावे. मालकाची परवानगी असल्यास मेकॅनिककडून हवेचा पाइप काढून घ्यावा आणि आतले चाक बोटांनी हलवून पाहावे: बाजूला किंचित हलणे चालते, पण ते आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती कवचाला घासत असतील, तर टर्बो दुरुस्तीला आलेला आहे.

टर्बोला लागूनच छोटी गोल डबी आणि तिच्यातून निघालेली लोखंडी दांडी दिसते. तो अॅक्च्युएटर, दाब मर्यादेत ठेवणारा. नव्या गाड्यांत त्याच्या जागी वायरी जोडलेला विजेवर चालणारा भाग असतो.

टर्बोतून हवा इंटरकूलरकडे, म्हणजे दाबून गरम झालेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे जाते. तो बहुधा पुढच्या बंपरमागे, रेडिएटरसारखा दिसणारा असतो. मात्र फोक्सवॅगन पोलोच्या टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनात तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागातच बसवलेला असून कूलंटने थंड होतो, त्यामुळे तो पुढे दिसला नाही म्हणून कोणी काढून टाकला असे समजू नये. ऐरोली, वाशी अशा खाडीकाठच्या भागांत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत त्याच्या पट्ट्यांवर पांढरट भुकटी आली आहे का आणि रबरी होजवरच्या क्लिपा गंजल्या आहेत का, हे टॉर्च मारून पाहावे. होजच्या आत तेलाचा हलका ओशटपणा असतोच. तेल साचलेले असू नये. डिझेल गाडीत पुढे ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप येते आणि शहरातल्या संथ रहदारीत चाललेल्या गाडीत ती काजळीने भरलेली असणे फार सामान्य आहे; साफ करण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

इतके पाहून झाले की गाडी घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटाच्या किंवा बेलापूरच्या पारसिक टेकडीच्या चढावर न्यावी, आणि रस्ता मोकळा असताना तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू अॅक्सिलरेटर दाबावा. हवा सुटल्यासारखा फुसफुस आवाज येऊन पिकअप मिळत नसेल, तर बहुधा एखादा होज फाटलेला किंवा क्लिप सैल झालेली असते आणि हे काम स्वस्तात होते. मागे निळसर धूर दिसत असेल, तर तेल जळते आहे आणि ते टर्बोतून येते की इंजिनातून, हे ठरल्याशिवाय बयाणा देऊ नये.