‘प्रॉडिगॅलिटी’ हा इंग्रजी शब्द नेमका कसा वापरावा

‘प्रॉडिगॅलिटी’ या शब्दापुढे शब्दकोशात ‘उधळपट्टी’ असा अर्थ दिलेला असतो. तो बरोबर आहे, परंतु तेवढ्यावर थांबल्यास शब्दाचा अर्धा भाग हातातून निसटतो. ‘प्रॉडिगल’ या विशेषणाचे हे भाववाचक नाम आहे. उच्चारताना विशेषणात पहिल्या अक्षरावर आघात येतो, तर नामात तो ‘गॅ’वर सरकतो.

शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्यामागच्या क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘पुढे हाकणे, पिटाळून लावणे’ असा होता. त्यावरून ‘उधळून टाकणे’ हा अर्थ आला. मराठीतही घोडा उधळतो आणि संपत्तीही उधळली जाते. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर असताना एकच कल्पना दोन्हींकडे यावी याचे मला फार अप्रूप वाटते, आणि शब्द लक्षात ठेवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

हे साम्य पुढेही उपयोगी पडते. आपण ‘उधळपट्टी’ दोष म्हणून म्हणतो, पण ‘रंगांची उधळण’ कौतुकाने म्हणतो. ‘प्रॉडिगॅलिटी’ एकट्यानेच ही दोन्ही कामे करतो. वारसाहक्काने मिळालेले धन दोन वर्षांत संपवणाऱ्याबद्दल लिहिताना त्यात निंदा असते. मात्र ‘द प्रॉडिगॅलिटी ऑफ नेचर’ असे लिहिले, तर एका झाडाने हजारो बिया वाऱ्यावर सोडाव्यात अशी निसर्गाची मुक्तहस्त समृद्धी अभिप्रेत असते. म्हणून भाषांतर करताना खर्च करणारा कोण आहे आणि त्यात कोणाचे नुकसान होते आहे, हे आधी पाहावे आणि मगच ‘उधळपट्टी’ किंवा ‘उधळण’ यांपैकी शब्द निवडावा. विशेषणापुढे ‘विथ’ किंवा ‘ऑफ’ हे शब्दयोगी येतात: ‘प्रॉडिगल विथ मनी’ म्हणजे पैशाच्या बाबतीत उधळ्या, तर ‘प्रॉडिगल ऑफ प्रेझ’ म्हणजे स्तुती करताना हात न आखडणारा.

जवळच्या शब्दांशी गल्लत होते ती येथेच. ‘एक्स्ट्रॅव्हॅगन्स’ म्हणजे मर्यादा ओलांडणे. एखादी महागडी खरेदीही त्यात बसते आणि रोजच्या बोलण्यात हाच शब्द शोभतो. ‘प्रॉफ्लिगसी’त पैशाच्या नासाडीबरोबर स्वैराचाराचाही आरोप असतो, म्हणून तो जपून वापरावा. ‘प्रॉडिगॅलिटी’ हा ग्रांथिक शब्द आहे आणि तो सहसा एका खर्चाला नव्हे, तर खर्च करण्याच्या वृत्तीला लावतात. अ‍ॅरिस्टॉटलने पैशाच्या व्यवहारातील उदारता हा गुण दोन दोषांच्या मध्ये ठेवला. त्यांतल्या देण्याच्या अतिरेकासाठी इंग्रजी भाषांतरांत हाच शब्द रूढ आहे, आणि दुसऱ्या टोकाला कृपणता आहे. त्यामुळे उदार माणसाला ‘प्रॉडिगल’ म्हणणे सरळसरळ अन्यायाचे ठरते.

सर्वांत मोठा गैरसमज ‘प्रॉडिगल सन’ या शब्दप्रयोगाने झाला आहे. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील दृष्टान्तात धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सारे उधळतो आणि कंगाल होऊन बापाकडे परततो. कथेचा हृद्य भाग परतण्याचा असल्यामुळे ‘प्रॉडिगल’ म्हणजे ‘भरकटून घरी परतलेला’ असे अनेकजण समजू लागले, आणि तो अर्थ आता काही शब्दकोशांतही नोंदलेला आहे. मराठीत मात्र ‘उधळ्या पुत्र’ म्हणतात, त्यामुळे मूळ अर्थ आपल्याकडे शाबूत राहिला. लिहिताना परतण्याविषयीच सांगायचे असेल, तर ‘रिटर्न’ हा शब्द सोबत ठेवावा. वाचकाचा घोळ होत नाही.

‘प्रॉडिजी’, म्हणजे अलौकिक बुद्धीचे मूल, हा शब्द ऐकायला सारखा असला तरी वेगळ्या लॅटिन शब्दापासून आला आहे. ‘प्रॉडिजस’, म्हणजे प्रचंड, हाही त्याच्याच कुळातला. या दोघांत ‘ज’ ऐकू येतो आणि ‘प्रॉडिगल’मध्ये ‘ग’, एवढी खूण ओळखायला पुरते.