एकच नळी काळी का? जुनी पोर्शे ९११ घेण्याआधी काजळी आणि इंजिनची झीज कशी तपासावी

सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, बोट काळं झालं की घेणारा घाबरतो. विकणारा म्हणतो, "पेट्रोल गाडी आहे, थोडी काजळी असायचीच." तो खोटं बोलत असेलच असं नाही. थंड इंजिनवर रोज दोन-तीन किलोमीटर चालणारी निरोगी गाडीही काजळी धरते. म्हणून काजळी किती आहे यावर जाऊ नका. ती कोरडी आहे की तेलकट, आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे की एकाच बाजूला जास्त, एवढं नीट पाहा. माझ्या मते गाडी उचलण्याआधी फुकटात मिळणारी याहून मोलाची माहिती दुसरी नाही.

इथे लिहितोय ते ९९६ आणि २००८ पर्यंतच्या ९९७ या दोन पिढ्यांच्या ९११ कॅरेरा गाड्यांबद्दल. भारतात त्या मोजक्याच आहेत. पण इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला त्या जुन्या बाजारात आवाक्यात वाटतील अशा किमतीला दिसतात, आणि मन तिथेच घसरतं. इंजिन पूर्ण उघडून बांधायची वेळ आली तर तो खर्च कधीकधी गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

आधी आत काय होतं ते समजून घेऊ. १९९७ साली ९९६ आली आणि ९११ चं इंजिन हवेऐवजी पाण्यावर थंड होऊ लागलं. सहा सिलिंडर आडवे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्या पोकळीत सरकतो तिच्या, भिंतीत सिलिकॉनचे कठीण कण. पिस्टनही ॲल्युमिनियमचा, त्यावर लोहाचा पातळ थर. हा थर झिजला की पिस्टन थेट त्या कठीण भिंतीवर घासतो आणि बोअरवर उभे ओरखडे पडतात. त्यांतून ऑइल पिस्टनपलीकडे जाऊन जळतं आणि त्या बाजूची नळी तेलकट काळी होते. गळका इंजेक्टर भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतो, थंड इंजिन रेस केलं की ऑइल पोचायच्या आत घर्षण होतं, ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसलं की ते संरक्षण देत नाही. ३.६ आणि ३.८ लिटरच्या इंजिनांत हे जास्त आढळतं, आणि बहुतेक वेळा ४, ५, ६ या सिलिंडरांत, त्यातही सहाव्यात. गाडीत पुढे तोंड करून बसलात की हे तीन तुमच्या उजव्या हाताला येतात. त्या काळातल्या ९११ टर्बो आणि ९११ जीटी३ चं इंजिन वेगळं, त्यांना हा रोग सहसा नाही.

पायरी १ : इंजिन थंडच पाहिजे. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर सायलेन्सरला हाताची पाठ लावून बघा. कोमट लागला तर सरळ विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. पहिल्या स्टार्टचा पुरावा दिवसातून एकदाच मिळतो.

पायरी २ : पांढरं फडकं. दोन्ही बाजूंच्या नळ्यांत वेगवेगळं फडकं फिरवा आणि शेजारी शेजारी ठेवा. कोरडी, भुकटीसारखी, दोन्हीकडे सारखी काजळी असेल तर बहुधा जास्त पेट्रोल किंवा छोट्या फेऱ्या, एवढंच. एका फडक्यावर चिकट, बोटाला तेलासारखा लागणारा काळा थर आणि दुसरं जवळपास स्वच्छ, असं दिसलं तर सावध व्हा. कुठली नळी कुठल्या तीन सिलिंडरांची हे अंदाजाने ठरवू नका, गाडीखाली वाकून पाइपचा माग काढा. कंपनीचा सोडून दुसरा एक्झॉस्ट बसवलेला असला तर जोडणी वेगळी असू शकते. पोर्शेच्याच बॉक्स्टर आणि केमन या गाड्यांमध्ये दोन्ही बाजूंचा धूर एकाच सायलेन्सरमध्ये मिसळतो, त्यामुळे तिथे ही तुलना करताच येत नाही. आणि २००९ मॉडेलच्या ९९७ पासून थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारं नवं इंजिन आलं. ते निरोगी असतानाही नळ्या काळ्या करतं. त्या काळेपणाला घाबरून चांगली गाडी सोडू नका.

पायरी ३ : स्टार्ट. एक जण मागे उभा राहू दे. निळसर धुराचा एक झोत येऊन काही सेकंदांत विरला तर घाबरू नका. सिलिंडर आडवे असल्यामुळे उभ्या गाडीत थोडं ऑइल पिस्टनच्या रिंगांपलीकडे झिरपतं आणि स्टार्टला जळतं. थंडीत पांढरी वाफही येणारच. निळा धूर मिनिट-दोन मिनिटं थांबलाच नाही, किंवा सगळा रस्ता पांढऱ्या-निळ्या ढगाने भरला, तर आधी क्रँककेसमधली (इंजिनच्या क्रँकभोवतीच्या पोकळीतली) वाफ आणि ऑइल वेगळं करणारा सेपरेटर तपासा. तो फाटला की इंजिन ऑइल ओढतं. आयडलिंगवर ऑइलचं झाकण उघडताना ते आतून कोणी धरून ठेवल्यासारखं घट्ट वाटतं, ही त्याची खूण. तो दुरुस्त होणारा भाग आहे, बोअरच्या मानाने खर्च किरकोळ.

पायरी ४ : कान. इंजिन पुरतं तापल्यावरही टिक-टिक चालू राहिली आणि ती एका बाजूच्या चाकाजवळ जास्त ऐकू आली, तर लिहून ठेवा. व्हॉल्व्ह उघडणारा टपेटही असाच वाजतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

पायरी ५ : चालवून बघा. मित्राला मागच्या गाडीत बसवा. उतारावर गिअरमध्येच पाय काढून गाडी सोडा, मग पुन्हा दाबा. त्या क्षणी निळा भपकारा आला तर व्हॉल्व्हच्या सीलवर किंवा गाइडवर संशय घ्या. चढावर जोर लावताना सतत निळा धूर असेल तर रिंगा किंवा बोअर. विकणाऱ्याला "गाडी ऑइल खाते का" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येईल. "शेवटचं ऑइल कधी, किती टाकलं" असं विचारा. पुढच्या डिकीत अर्धी रिकामी ऑइलची बाटली दिसली तर तिच्याबद्दलही विचारा.

पायरी ६ : स्कॅनर. नुसते एरर कोड पुरे नाहीत. दोन्ही बाजूंचं इंधन-समायोजन (गाडीचा संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते) आणि प्रत्येक सिलिंडरचं मिसिंग वेगळं वाचा. काजळीचीच बाजू इथेही वेगळी निघाली तर संशय पक्का होत जातो. सिस्टिमच्या आपोआप होणाऱ्या चाचण्या "अपूर्ण" दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. कारण विचारा.

इथपर्यंत खर्च जवळजवळ शून्य. पुढच्या कामाला लिफ्ट आणि ही इंजिनं उघडलेला मेकॅनिक लागतो. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

पायरी ७ : प्लग आणि दाब. सहाही प्लग काढून क्रमाने मांडा. प्लगच्या नळीत बाहेरून ऑइल असेल तर सील गेलंय, ते स्वस्तातलं काम. टोकावर ओला काळा थर असेल तर ऑइल आत जळतंय. मग कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो) आणि लीक-डाउन (आत भरलेली हवा किती गळते). सिलिंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक नको, गळती साधारण १० टक्क्यांच्या आत हवी. हवा ऑइलच्या झाकणातून सुसाटली तर रिंगा किंवा बोअर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट.

पण इथेच बरेच जण फसतात. आकडे उत्तम आले म्हणजे बोअर चांगला, असं या इंजिनात धरता येत नाही. दाब मोजताना रिंगा बोअरच्या वरच्या भागात असतात. ओरखडे बरेचदा त्याच्या खाली, पिस्टनचा रिंगांखालचा भाग जिथे घासतो तिथे असतात.

पायरी ८ : आत बघा. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालताना पिस्टन तळाला आणा, नाहीतर भिंतीचा तोच भाग झाकलेला राहतो. खरी खात्री हवी असेल तर सम्प (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) काढून, पिस्टन वर नेऊन, खालून बघायला सांगा. बारीक, फिकट रेषा चालतात. नखाला लागतील अशा गडद उभ्या पट्ट्या चालत नाहीत. सम्प खाली आलाच आहे तर त्यातला गाळ चुंबकाने ढवळा. पिस्टनवरच्या थराचे चमचमते पापुद्रे त्याला चिकटतात. ऑइल फिल्टरही कापून घडी न् घडी उलगडा.

या कामाचे पैसे, नवं ऑइल धरून, घेणाऱ्याने द्यावेत, असं मी सुरुवातीलाच विकणाऱ्याला सांगतो. बहुतेक जण तयार होतात. पैसे तुम्ही देऊनही सम्प काढू देत नसेल आणि फडक्यांत फरक दिसला असेल, तर इंजिन उघडावं लागणार असं धरून किंमत सांगा, नाहीतर तिथून निघा.