आर्म उघडा असलेला रोबो मैदानाबाहेर आणताना या चुका टाळा

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेतला सामना साधारण अडीच मिनिटांचा असतो आणि अखेरच्या सेकंदापर्यंत गुणांसाठी धडपड चाललेली असते, त्यामुळे वेळ संपताच रोबो जसा असेल तसाच थांबतो. कोणाचा आर्म, म्हणजे यांत्रिक हात, पूर्ण उघडलेला असतो, कोणाचा एलिव्हेटर (वर-खाली सरकणारा भाग) वर गेलेला असतो, तर कोणाचा अख्खा रोबो मैदानावरच्या दांड्याला लटकत असतो. सामना संपल्यावर रोबो पुन्हा सुरू करून दिला जात नाही, असा नियम आहे. म्हणजे आर्म मिटायचा तो हातानेच. मार्गदर्शक म्हणून मुलांबरोबर वावरताना बोटे चेंगरण्याचे जे प्रसंग मी पाहिले, ते जवळजवळ सगळे या पुढच्या दोन-तीन मिनिटांतले होते.

मैदानावरचे दिवे हिरवे होण्याआधी आत धावणे ही सर्वांत सामान्य चूक. दिवे जांभळे असताना फक्त मैदानावरील कर्मचाऱ्यांनी आत जायचे असते. आत गेल्यावर आधी रोबोवरचा नारिंगी दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर रोबो सक्रिय आहे आणि कोणत्याही क्षणी हलू शकतो. स्थिर असेल तर वीज आहे, पण मोटारींना आज्ञा जात नाही. विझलेला असेल तर वीज बंद आहे.

यानंतरची चूक मात्र भल्याभल्यांच्या हातून होते, कारण ती सावधगिरीसारखी दिसते. रोबोजवळ पोहोचताच मुख्य ब्रेकरचे, म्हणजे रोबोची सगळी वीज तोडणाऱ्या स्विचचे, लाल बटण दाबायचे, असे प्रत्येक मुलाला शिकवलेले असते आणि ते योग्यच आहे. पण आर्म वर असताना त्याला आधार न देता ब्रेकर दाबला, तर नेमका अपघात होतो. रोबो निष्क्रिय झाल्यावरही मोटर कंट्रोलर (मोटारीला वीज पुरवणारे उपकरण) ब्रेक मोडमध्ये असेल तर तो मोटारीची टोके आपसांत जोडून तिच्या फिरण्याला विरोध करत राहतो, म्हणून आर्म जागीच राहतो किंवा अगदी हळूहळू खाली सरकतो. या विरोधासाठी कंट्रोलरला वीज लागते. ब्रेकर दाबला की तो विरोध संपतो. आमच्या एका विद्यार्थ्याने मैदानातून मोठ्या अभिमानाने ओरडून सांगितले होते, "सर, ब्रेकर दाबला!" आणि त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत आर्म दोन फूट खाली येऊन बंपरवर (रोबोभोवतीच्या गादीदार कडेवर) आदळला. त्याचा दुसरा हात तेव्हा बंपरपासून वीतभर अंतरावर होता. त्या दिवसापासून आमचा क्रम ठरलेला आहे: एकाने आर्म खालून तळहातांवर पेलायचा, "धरला" असे मोठ्याने म्हणायचे, आणि तो शब्द ऐकल्यावरच दुसऱ्याने ब्रेकर दाबायचा.

वीज बंद झाली म्हणजे ऊर्जा संपली, असेही समजू नये. आर्मचे वजन तोलण्यासाठी लावलेल्या रबरी नळ्या, गॅस स्प्रिंग किंवा एलिव्हेटरमधील पट्टीच्या स्प्रिंगा ताणलेल्याच असतात, आणि त्यांना ब्रेकरशी काही देणेघेणे नसते. हवेवर चालणाऱ्या रोबोमध्ये टाकीतला दाब 120 पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) आणि कामाचा दाब 60 पीएसआयपर्यंत असू शकतो. हवा सोडण्याचा हाताचा व्हॉल्व्ह प्रत्येक अशा रोबोवर असतो, पण सिलिंडरच आर्मला उचलून धरत असेल तर व्हॉल्व्ह उघडताच आर्म खाली येणार. येथेही आधी आधार, मग हवा. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा आर्म मिटवताना हात नेहमी सर्वांत पुढच्या नळीच्या टोकावर ठेवावेत; दोन नळ्यांच्या सांध्यावर किंवा साखळी आणि तिच्या दातेरी चाकाजवळ बोट नेऊ नये.

आर्म मिटतच नसेल तर जोर लावू नये. बहुधा रॅचेटची (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या दातेरी चाकाची) खिटी अडकलेली असते, साखळी चाकावरून उतरलेली असते किंवा मैदानावरचा एखादा तुकडा आत रुतलेला असतो. खिटी अडकली असेल तर तिच्यावरचा भार काढण्यासाठी आर्म किंचित वर उचलावा लागतो, मगच ती सुटते. भार तसाच ठेवून स्क्रू ड्रायव्हरने खिटी उचकटणे म्हणजे आर्म स्वतःच्या अंगावर घेणे होय. लटकलेल्या रोबोला हाच नियम अधिक कडक लागू होतो. 2022 च्या हंगामात सर्वांत वरचा दांडा साडेसात फुटांहून उंच होता, आणि तेथून उतरणारा रोबो मुलांच्या डोक्याच्या पातळीवर असे. अशा वेळी किमान दोघांनी चौकटीला धरून पूर्ण वजन घ्यावे आणि तिसऱ्याने खिटी सोडावी; त्या तिसऱ्याने उचलण्याच्या भानगडीत पडू नये.

उचलण्यासाठी आर्म ही सर्वांत सोयीची मूठ दिसते, आणि नेमकी तीच धरायची नसते. 2025 च्या हंगामात वजनाची मर्यादा 115 पौंड, म्हणजे सुमारे 52 किलो होती. त्यात बॅटरी आणि बंपर मिळवल्यावर मर्यादेपर्यंत भरलेला रोबो साठ किलोंच्या पुढे जातो. हे वजन तळाच्या चौकटीवरच तोलले पाहिजे. कोठे धरायचे त्या जागी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे घाईत विचार करावा लागत नाही.

ट्रॉलीवर चढवल्यावर सगळे सैल पडतात. आर्म मिटला नाही तर रोबोचा गुरुत्वमध्य किती सरकतो, याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. 65 किलोंच्या रोबोच्या आर्मच्या टोकाला 5 किलोंचा पंजा असेल आणि तो 120 सेंटिमीटर पुढे गेलेला असेल, तर केवळ त्या पंजामुळे गुरुत्वमध्य 9 सेंटिमीटरहून अधिक पुढे सरकतो. त्यात ट्रॉलीची उंची, वळण आणि एखादी वायर ओलांडताना चाकाला बसणारा धक्का यांची भर पडली की रोबो पुढे कलंडतो. म्हणून आर्म ट्रॉलीच्या मागच्या बाजूला, ढकलणाऱ्याकडे राहील असा ठेवावा, पट्ट्याने चौकटीला बांधावा आणि पुढे एकाने "वाट द्या" म्हणत चालावे. हुक असलेले रबरी दोर यासाठी वापरू नयेत. ते सुटले तर थेट डोळ्यांकडे येतात. सुरक्षा चष्मा काढण्याची घाई सर्वांनाच असते, पण तो पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेत, पोहोचेपर्यंत राहू द्यावा. रोबो जमिनीवरून ढकलत नेणार असाल तर सावकाश ढकलावा, कारण चाकांबरोबर फिरणारी मोटार जनित्राचे काम करते आणि ब्रेकर बंद असूनही कंट्रोलरचे दिवे लागलेले दिसतात.

मुंबईच्या आर फॅक्टर संघाप्रमाणे परदेशात जाऊन खेळणाऱ्या भारतीय संघांना तर मोडलेल्या आर्मचा सुटा भाग घरून मागवण्याची सोय नसते, म्हणून त्यांनी सामन्यांच्या आधीच, घरच्या सरावात, वीज बंद ठेवून उघडा आर्म मिटवण्याचा आणि रोबो ट्रॉलीवर चढवण्याचा सराव घड्याळ लावून करावा.

शेवटची चूक पिटमध्ये होते. साधा एन्कोडर (आर्म किती फिरला हे मोजणारा सेन्सर) वीज आल्यावर आर्म जेथे असेल तेथेच शून्य मानतो. आर्म वर असताना बॅटरी बदलून रोबो सुरू केला, तर प्रोग्रॅमला तो खाली असल्याचे वाटते, त्याने ठरवलेल्या सर्व मर्यादा चुकतात आणि पहिल्याच आज्ञेला आर्म अडथळ्यावर पूर्ण ताकदीने आदळतो. वीज आल्यावरही आर्मची खरी जागा सांगणारा निरपेक्ष एन्कोडर बसवलेला असेल तर हा धोका बराच टळतो. तो नसेल तर आर्म हाताने पूर्ण खाली आणून टेकवावा, मग ब्रेकर लावावा, आणि रोबो सक्रिय करण्यापूर्वी आर्मच्या टप्प्यात कोणाचे डोके किंवा हात नाही, हे लॅपटॉपवर बसलेल्याने मान वर करून स्वतः पाहावे.