जुनी पिकअप कमी पैशात कामाला लावताना

आमच्या नारायणगाव भागात टोमॅटोचा सीझन तोंडावर आला की जुन्या बोलेरो पिकअपला गिऱ्हाईक वाढतं. गाडी घेऊन हातात तीस-चाळीस हजार उरतात आणि पहिला विचार रंगाचा येतो. रंग शेवटी. भरल्या गाडीने माळशेज उतरायचा आहे, तेव्हा पैसा आधी ब्रेकला.

मागचे दोन्ही ड्रम उतरवा. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी, ओला दिसला तर व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या नळकांड्याचं) रबर बोटाने उचलून बघा. आत ब्रेक ऑइल असेल तर सिलिंडर गेलाय. ओल चिकट आणि गिअर ऑइलच्या उग्र वासाची असेल तर एक्सलचं सील गळतंय. तिथे नुसता सिलिंडर बदलून काही होणार नाही. असा लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवणारे मिस्त्री आहेत. त्यांना ठाम नाही म्हणा. लायनरने तेल प्यालेलं असतं, तापला की ते पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदला. ब्रेक ऑइलही सगळं नवं भरा. जुन्या ऑइलमध्ये ओलावा मुरलेला असतो, घाटात तापून त्याची वाफ झाली की पॅडल खाली बसतं.

पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग. तसाच राहिला तर दोष पुढे, स्टेअरिंग-सस्पेन्शनच्या सांध्यांत.

मग हौद्याखाली हातोडी घेऊन झोपा. खताचं आणि सडक्या मालाचं पाणी फटींतून झिरपून चेसिस खातं. टणटणीत आवाज आला तर ठीक, भसका आवाज येऊन पापुद्रे पडले तर पत्रा गेलाय. चेसिसच्या आडव्या चॅनलचं काम चांगला वेल्डर करतो. पण पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी चेसिसच्या लांब चॅनलला चीर असेल तर त्या गाडीत एक रुपयाही घालू नका.

इंजिन उघडायची घाई नको. गरम इंजिन सुरू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. झाकण उडायला लागलं आणि धुराचे झोत आले तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. नसेल तर ऑइल, तिन्ही फिल्टर (ऑइल, डिझेल, हवा), रेडिएटरचे होज आणि कूलंट एवढ्यावर गाडी सीझन काढते. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकाच वेळी घाला. मजुरी तीच लागते.

दार, काच, फाळका, सीट हे भंगारातलं चालतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर बरंच मिळतं. ब्रेकचे होज आणि बॉल जॉइंट मात्र नवेच.

पासिंगचे, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचे, पैसे आधीच बाजूला काढा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंग दरवर्षी लागतं, आणि दिवे, रिफ्लेक्टर टेप नीट नसेल तर गाडी परत पाठवतात.

एवढं करून पैसे उरले तर हौदा तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साईडचे दोन हात मारा, वर साधा ऑइलपेंट. केबिनचा रंग पुढच्या सीझनला.