ड्रायव्हर लिहायला बसण्याआधी

लिनक्ससाठी डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कोड, लिहायचं मनावर घेतलेली मुलं बहुतेक एकच प्रश्न विचारतात: आधी अख्खा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वाचून काढायचा का? नाही. तो अख्खा कोणीच वाचलेला नसतो. कोट्यवधी ओळींचा पसारा आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचाच आहे. सी मधले पॉइंटर, स्ट्रक्चर आणि फंक्शन पॉइंटर मात्र अंगवळणी पडलेले हवेत. रस्ट या दुसऱ्या भाषेला डिसेंबर 2022 मध्ये, 6.1 आवृत्तीत, कर्नलचं दार उघडलं. तरी नोकरीत पुढ्यात येणारा कोड अजून बहुधा सी मधलाच असतो.

‘हॅलो वर्ल्ड’ छापणारं मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलमध्ये घालता येणारा तुकडा, क्यूईएमयूमध्ये (अख्ख्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एका संध्याकाळी होतं. करून टाका आणि पुढे सरका. मग आयटूसीवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवर, बोलणारी एखादी साधी चिप घ्या, तिची डेटाशीट उघडा आणि त्याच जातीच्या दुसऱ्या चिपचा कर्नलमधला ड्रायव्हर शेजारी ठेवून वाचा. रजिस्टरांचा, म्हणजे चिपमधल्या वाचता-लिहिता येणाऱ्या छोट्या कप्प्यांचा, तक्ता सगळेच बघतात. मी आधी इराटा उघडते, म्हणजे चिपमधल्या माहीत असलेल्या दोषांची, चिप बनवणाऱ्यानंच दिलेली यादी. ती न वाचता नंतर आठवडाभर स्वतःच्या कोडला शिव्या घालणारे लोक मी पाहिलेत.

नवख्यांना खरा त्रास होतो तो वेगळ्याच जागी. आपला कोड या क्षणी कोणाच्या वतीनं चालतोय आणि त्याला इथे झोपायची, म्हणजे थांबून वाट बघायची, मुभा आहे का, हे भान नसतं. टचस्क्रीनची चिप घ्या. बोट टेकलं की ती इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायची, तार खाली ओढते आणि तिचं स्टेटस रजिस्टर वाचेपर्यंत तशीच धरून ठेवते. सरळ विचार करणारा माणूस इंटरप्ट हँडलरमध्येच, म्हणजे इंटरप्ट आल्या आल्या चालणाऱ्या फंक्शनमध्येच, ते रजिस्टर वाचायला जातो. पण आयटूसीचा व्यवहार संथ, तो पुरा होईपर्यंत कोड झोपतो, आणि हँडलरमध्ये झोपायला बंदी. लॉगमध्ये ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’, म्हणजे मनाई असताना झोपल्याची तक्रार, झळकतं. बरं, वाचन वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, ढकलून हँडलरमधून परत यावं, तर तार अजून खालीच. लगेच पुन्हा इंटरप्ट, पुन्हा तेच. एकच कोअर असेल तर ज्या कामानं तार सुटणार, त्याची पाळीच येत नाही आणि मशीन गोठतं.

यावर उपाय थ्रेडेड इंटरप्टचा. वाचन स्वतंत्र थ्रेडमध्ये होतं आणि ‘वनशॉट’ फ्लॅगमुळे तो थ्रेड संपेपर्यंत तो इंटरप्ट बंद राहतो. स्वतःचा पहिला हँडलर न देता हा फ्लॅग विसरलात, तर कर्नल सहसा मागणीच नाकारतो. कुलूप म्हणून म्यूटेक्स (वाट बघताना झोपणारा) घ्यायचा की स्पिनलॉक (न झोपता घिरट्या घालणारा), मेमरी मागताना ‘कर्नल’ फ्लॅग द्यायचा की ‘अ‍ॅटॉमिक’, या सगळ्यांचं उत्तर इथे झोपता येतं का यावरच ठरतं. मुलाखतीत मी तरी हेच खोदून विचारते.

डीबगिंगची सुरुवात प्रिंटकेनंच, म्हणजे लॉगमध्ये ओळ छापणाऱ्या फंक्शननंच, होते, त्यात कमीपणा नाही. पण वेळेच्या शर्यतीतला बग असेल तर ती एक जादा ओळ घातली की बग दडी मारतो, ओळ काढली की हजर. तिथे एफट्रेस, म्हणजे कोणतं फंक्शन कधी चाललं ते टिपणारं कर्नलचं हत्यार, बरा; त्याची नोंद मेमरीतल्या बफरमध्ये जाते आणि वेळ फारसा बदलत नाही. कासान (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि लॉकडेप (कुलपांच्या चुका पकडणारा) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मशीन मंदावतं, मंदावू दे. ऊप्स, म्हणजे कर्नल चुकल्यावर छापला जाणारा मजकूर, आला तर घाबरून रीबूट करू नका. तो मजकूर जपा, डीबग माहितीसकट बांधलेल्या कर्नलवरून त्यातला पत्ता थेट सोर्समधल्या ओळीपर्यंत नेता येतो. आणि पीसीआय एक्सप्रेस कार्डाचं, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या कार्डाचं, कोणतंही रजिस्टर वाचा, सगळे बिट 1 च येत असतील, तर बहुधा कार्ड उत्तरच देत नाहीये. अशा वेळी आधी वीज आणि लिंक तपासा, कोड नंतर.

संशय ड्रायव्हरवर आणि दोष भलतीकडे, असंही होतं. 2008 मध्ये 2.6.27 च्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलच्या काही नेटवर्क चिपांची कायमस्वरूपी मेमरी बिघडू लागली आणि त्या निकामी होऊ लागल्या. सगळ्यांच्या नजरा त्या चिपांच्या ई-1000-ई ड्रायव्हरकडे. शोध घेता घेता मूळ निघालं एफट्रेसमध्ये, म्हणजे चक्क दोष शोधायच्या हत्यारात! आधीच मोकळ्या झालेल्या कोडच्या पत्त्यावर तो सूचना बदलायला जात होता, आणि तोवर त्याच पत्त्यावर चिपची ती मेमरी येऊन बसलेली असायची. ड्रायव्हर निर्दोष सुटला, तरी त्या मेमरीवर लिहायला कुलूप घालणारा पॅच त्याच्यातही गेला.